पंधरा दिवसांनी टोपणाला जाणारी चीर: ॲक्रिलिकच्या पेनांचं जुनं दुखणं

“मला वाटलं केस चिकटलाय. रुमालानं पुसला, तर जाईना.”

विश्रामबागेतले एक निवृत्त सर पेन हातात धरून माझ्या दारात उभे होते. निळ्यात दुधी लाटा असलेलं ॲक्रिलिकचं शाईपेन. त्यांना देऊन तीन आठवडेसुद्धा झाले नव्हते. टोपणाच्या तोंडापासून क्लिपच्या दिशेनं नऊ-दहा मिलिमीटरची एक रेघ गेली होती. नखाला लागत नव्हती. उजेडात तिरकं धरलं की चांदीच्या तारेसारखी चमकायची, सरळ धरलं की दिसेनाशी व्हायची. पेन पडलं नाही, आपटलं नाही, असं सर परत परत सांगत होते. मला ते सांगायची गरज नव्हती, कारण तशीच रेघ मी त्याआधी चार टोपणांवर पाहिली होती.

ड्रिल करताना ब्लँक, म्हणजे ज्यातून पेन कोरायचं तो तुकडा, फुटला तर निदान तो आपल्या डोळ्यांदेखत फुटतो. तुकडा टाकून द्यायचा, दुसरा घ्यायचा. ही चीर मात्र पेन विकल्यावर येते. गिऱ्हाइकाच्या खिशात, टेबलावर, एखाद्या रात्री कुणी हात लावलेला नसताना येते. घरच्या लेथवर शाईपेनं करणारे जे जे मला भेटले, त्यातल्या बहुतेकांनी हेच दुखणं सांगितलं आणि बहुतेकांनी दोष मालाला दिला. मीही वर्षभर तेच करत होतो. व्यापारी बदलले, रंग बदलले, महागडे ब्लँक आणले. चीर येतच राहिली.

मी बावीस वर्षं कुपवाडच्या एमआयडीसीत टर्नर होतो. लोखंड, बीड, पितळ, गनमेटल. आमच्या भागात लेथ नवीन नाही. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली तेव्हापासून या पट्ट्यात घराघरांत कुणीतरी टर्नर, फिटर नाहीतर मोल्डर निघतोच. अडचण नेमकी तिथेच होती. धातूवर बसलेला हात ॲक्रिलिकवर चालवला की पेन दिसायला उत्तम होतं, पण आतून दुखावलेलं राहतं.

माल वाईट नसतो, ताण अडकलेला असतो

ॲक्रिलिक हे कच्चं प्लास्टिक आहे हा गैरसमज आधी काढून टाका. पार्कर ५१ हे १९४१ साली बाजारात आलेलं पेन ल्युसाइटचं होतं, म्हणजे ॲक्रिलिकचंच. त्यातली कितीतरी पेनं आजही लिहितात आणि त्यांच्या बॅरलला (पेनाच्या धडाला) केसाएवढीही रेघ नाही. मग आपलंच टोपण पंधरा दिवसांत का चिरतं?

लोखंडात ड्रिल घातलं की उष्णता जॉबमध्ये (ज्यावर काम चाललंय त्या तुकड्यात) पसरते, चिपबरोबर बाहेर पडते, जॉब धरणाऱ्या चकमध्ये जाते. ॲक्रिलिक उष्णता जवळजवळ वाहूनच नेत नाही; पोलादाच्या तुलनेत ते दोन-अडीचशे पटींनी मंद आहे. ड्रिलच्या कडेला तयार झालेली उष्णता बोअरच्या, म्हणजे पाडलेल्या भोकाच्या, आतल्या पातळ थरातच कोंडते. ॲक्रिलिक शंभर अंशांच्या थोडं वर मऊ पडतं आणि बोथट ड्रिलच्या कडेला तेवढं तापमान सहज गाठलं जातं. बाहेरून हात लावाल तर रॉड गार लागेल. आत मात्र तो थर मऊ होऊन फुगायला बघतो, भोवतालचा गार भाग त्याला फुगू देत नाही, म्हणून तो जागच्या जागी दबून बसतो. थंड झाल्यावर त्याला आकसायचं असतं, तर आता भोवतालचा भाग आकसू देत नाही. हा ओढा तसाच आत राहतो.

भिंतीचा ओला गिलावा भर उन्हात भराभर वाळला की काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. वरचा थर आकसतो, मागची भिंत हलत नाही, आणि दोन दिवसांत सगळीकडे केसाळ चिरा. बोअरच्या आत तोच प्रकार होतो. फरक इतकाच की ॲक्रिलिक तो ताण आठवडे, कधी महिने सहन करतं आणि मग एखादं निमित्त मिळालं की सोडून देतं.

ते निमित्त काय, हे मला मिरजेत कळलं.

सतारीच्या दुकानातलं पेन

मिरजेत सतारी-तंबोरे करणाऱ्या एका कारागिरानं माझ्याकडून काळं पारदर्शक पेन घेतलं होतं. बिलं आणि मापं लिहायला. आठव्या दिवशी फोन आला. “दादा, पेनाला जाळं धरलंय ओ.” मी गेलो. टोपण आणि बॅरलचा पुढचा भाग, जिथे बोटं धरतात तिथे, आतून चंदेरी बारीक रेघांचं जाळं झालं होतं, कोळ्यानं विणल्यासारखं. असं एवढं मी आजवर पाहिलं नव्हतं. तो माणूस माझ्यासमोर भोपळ्यावर पॉलिश मारत बसला होता. कापडाची पुरचुंडी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेत बुडवायची, गोल गोल फिरवायची, मध्येच कुणी आलं की तीच बोटं पेनाला लावून वहीत आकडा लिहायचा.

स्पिरिट.

घरी येऊन मी माझी लेथशेजारची फळी बघितली. आटे पुसायला मी काय वापरत होतो? थिनर, कधी स्पिरिट. टूलरूममध्ये जॉब पुसायची बावीस वर्षांची सवय. चिप्स चिकटल्या, खुणेचा मार्कर राहिला, बफची वडी आट्यांत अडकली, की घे बोळा आणि पूस. सरांना विचारलं तर ते म्हणाले, साथीच्या दिवसांपासून सवय लागलीय, पेन आणि चष्मा रोज सॅनिटायझरनं पुसतो. सॅनिटायझर म्हणजे बहुतांश अल्कोहोल.

अल्कोहोलनं ॲक्रिलिक विरघळत नाही. ताण नसलेल्या ॲक्रिलिकवर थोडा वेळ लागलं तर डोळ्याला काही दिसतही नाही. पण जिथे पृष्ठभाग आधीच ओढला गेलेला आहे, तिथे ते आत शिरतं आणि ताणलेल्या जागा उकलायला लागतात. म्हणजे दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात: आत कोंडलेला ताण आणि वरून लागलेलं स्पिरिट, थिनर, ॲसिटोन, पेट्रोल यांपैकी काहीतरी. दोन्ही मीच देत होतो.

खात्री करायला मी एक साधा प्रयोग केला, आणि हा लेख वाचून तुम्ही एकच गोष्ट करणार असाल तर हीच करा. एकाच रॉडचे दोन तुकडे घेतले, पन्नास-पन्नास मिलिमीटरचे. दोन्हींना नेहमीसारखं ड्रिल केलं. एक तसाच ठेवला. दुसरा ऐंशी अंशांवर भाजून हळूहळू गार केला. मग दोन्हींच्या बोअरमध्ये स्पिरिटात भिजवलेला कापूस घातला आणि घड्याळ लावलं. मोबाईलचा टॉर्च खालून लावून वरून बघत बसलो. पहिल्या तुकड्यात सहाव्या मिनिटाला बोअरच्या कडेला एक चमक दिसली, कुणी आत सुई ठेवावी तशी. दहाव्या मिनिटाला दहा-बारा. पंधराव्या मिनिटाला बोअरभर जाळं. भाजलेला तुकडा अर्ध्या तासानंतरही काचेसारखा स्वच्छ होता. मी बायकोला बोलावून दाखवलं, एवढा आनंद झाला होता. वर्षभर ज्या व्यापाऱ्यांना बोल लावले त्यांचा काही दोष नव्हता.

प्रयोगातले तुकडे पेनात वापरू नका, टाकून द्या.

चीर कुठे आहे, कशी आहे ते आधी बघा

सगळ्या चिरा एकाच कारणानं येत नाहीत. परत आलेलं टोपण घ्या, खोलीत अंधार करा, टॉर्चवर टोपण उपडं ठेवा आणि हळूहळू फिरवा.

आतल्या बाजूनं बारीक जाळं दिसत असेल तर ते ड्रिलची उष्णता आणि स्पिरिट यांचं काम, वर सांगितलं तसं. तोंडापासून उभी एकच ठळक रेघ असेल तर कुणीतरी आतून पाचर मारल्यासारखा दाब देतंय. आटे घट्ट आहेत किंवा तोंडाची भिंत पातळ आहे. सरांच्या टोपणात या दोन्ही गोष्टी होत्या: आत जाळ्याची सुरुवात आणि तोंडाला पाचर. आट्यांच्या मुळाशी गोल फिरणारी, बांगडीसारखी रेघ असेल तर तिथे टूलनं काटकोनी खाच पाडलेली सापडेल. आणि एकमेकांपासून सारख्या अंतरावर तीन रेघा असतील तर दोष तीन जबड्यांच्या चकचा: बोअर केलेली पोकळ नळी चकमध्ये आवळली गेली. पोकळ जॉब कॉलेटमध्येच (सगळीकडून सारखी पकडणाऱ्या बाहीत) धरा. कॉलेट नसेल तर बोअरमध्ये बसेल असा लाकडी किंवा नायलॉनचा गट्टू आत घालून मग चक आवळा.

आता एकेक कारण मुळापासून घेऊ.

ब्लँक कुठून आणायचा, कसा ओळखायचा

ॲक्रिलिक दोन प्रकारे बनतं. एक साच्यात ओतून, त्याला बाजारात ‘कास्ट’ म्हणतात. दुसरं यंत्रातून शेवयांसारखं दाबून बाहेर काढलेलं, ‘एक्स्ट्रुडेड’. दिसायला दोन्ही सारखी, भाव दुसऱ्याचा कमी. एक्स्ट्रुडेड रॉडमध्ये दाबून काढतानाचाच ताण असतो, ते लवकर मऊ पडतं आणि ड्रिलला चिंगमसारखं चिकटतं. पेनासाठी कास्टच घ्यायचं, यात मी तडजोड करत नाही.

व्यापाऱ्याला विचारलं तर तो ‘कास्टच आहे’ म्हणणार. म्हणून स्वतः बघा. शीट असेल तर व्हर्नियरनं पाच ठिकाणी जाडी मोजा. एक्स्ट्रुडेड शीटची जाडी सगळीकडे अगदी सारखी भरते, कास्टमध्ये थोडी कमी-जास्त येते. जवळ लेझरवाला असेल तर कोपऱ्यावर एक अक्षर कोरून घ्या: कास्टवर पांढरं धुरकट अक्षर उठतं, एक्स्ट्रुडेडवर जवळजवळ पारदर्शकच राहतं. आणि तुमचं ड्रिल तर खोटं बोलतच नाही. चिप कोरडी, बोटांत चुरगळणारी निघाली तर कास्ट. लांब, चिकट धागा निघून ड्रिलच्या नाळीत गोळा बसला आणि ड्रिल नवीन धारेचं असेल, तर तो रॉड ट्रॉफीवाल्याला देऊन टाका.

पारदर्शक आणि साध्या रंगांसाठी मी नेमप्लेट आणि ट्रॉफी करणाऱ्यांकडून वीस मिलिमीटर जाड कास्ट शीटचे उरलेले तुकडे घेतो. ते किलोवर मिळतात. हिशेब सोपा आहे: एका पेनाला, ग्रिप धरून, साधारण २० बाय २० बाय १८० मिलिमीटरची पट्टी लागते. ॲक्रिलिकची घनता १.१९ धरली तर पट्टी सुमारे ८६ ग्रॅमची झाली, म्हणजे करवतीची घट सोडून किलोत अकरा पेनं. फक्त एक पथ्य: त्या तुकड्यांची कड लेझरनं कापलेली असेल तर ती करवतीनं चांगली पाच मिलिमीटर काढून टाका. लेझरची चकचकीत कड म्हणजे वितळून गार झालेला थर असतो. तिला स्पिरिट लावून बघा, तिथल्या तिथे फुटते.

लाटांचे, मोत्याच्या झाकेचे रंगीत ब्लँक मात्र पेनांसाठी म्हणून विकणाऱ्यांकडूनच मागवावे लागतात. तिथे एकदम दहा घेऊ नका. एक मागवा, कापा, ड्रिल करा, कापसाचा प्रयोग करा आणि पटलं तर त्याच लॉटमधले बाकीचे घ्या. ‘ॲक्रिलिक’ नावानं विकले जाणारे बरेच भडक ब्लँक खरं म्हणजे पॉलिस्टर रेझिनचे असतात. कापताना नाकात जाणारा फायबरग्लासच्या दुकानासारखा वास आला आणि टूलखाली कपच्या उडाल्या तर ते पॉलिस्टर. ॲक्रिलिकचा वास वेगळा, गोडसर उग्र, कवळी बनवणाऱ्याच्या खोलीत येतो तसा. कवळीचा गुलाबी भागही ॲक्रिलिकचाच असतो. हा वास जोरात यायला लागला की समजायचं, माल तापतोय. खिडकी उघडा आणि ड्रिल बाहेर काढा.

ड्रिल: अर्धी लढाई इथेच

धातूचं ड्रिल जसंच्या तसं ॲक्रिलिकला लावू नका. त्याची कड पुढे झुकलेली असते, ती माल कापत नाही, ओढून घेते. छोट्या भोकावरून मोठ्या ड्रिलवर जाताना तर ते स्क्रूसारखं आत घुसतं आणि ब्लँक फाडतं. तेलदगड घ्या आणि कापणाऱ्या दोन्ही कडांचा पुढचा भाग ड्रिलच्या अक्षाला समांतर असा अगदी बारीक घासा, अर्ध्या मिलिमीटरचा चपटा पट्टा दिसेल एवढाच. अशी कड ओढत नाही, खरवडते. ही ड्रिलं वेगळ्या डब्यात ठेवा, त्यांवर रंगाचा ठिपका द्या आणि त्यांनी लोखंड कधी कापू नका.

दहा-बारा मिलिमीटरच्या ड्रिलला मी चारशे ते पाचशे फेरे ठेवतो. चार-पाच मिलिमीटर आत गेलं की पूर्ण बाहेर. चिप झटकायची, साबणाचं पाणी मारायचं, परत आत. भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब लिटरभर पाण्यात, एवढं पुरे. कारखान्यातलं दुधाळ कूलंट मी वापरत नाही. त्यात काय काय घातलंय याची मला खात्री नाही आणि ते आट्यांत राहतं.

कान उघडे ठेवा. बरोबर चाललेलं ड्रिल करकर असा कोरडा आवाज करतं. चूंऽ असा बारीक आवाज आला की पुढे जायचं नाही, कितीही घाई असो. ड्रिल झाल्यावर बोअर धुऊन उजेडाला लावा. चांगला बोअर सगळीकडे सारखा, दळदार दुधी दिसतो. मध्येच काचेसारखे चकचकीत, लाटदार डाग दिसले तर नवा माणूस खूश होतो की पॉलिश झालं. ते पॉलिश नाही, तिथे माल वितळलाय. तिथूनच उद्या चीर निघणार आहे.

ड्रिल पलीकडून बाहेर काढू नका. ब्लँक सहा मिलिमीटर जास्त लांब ठेवा, भोक आतच थांबवा, मग पार्टिंग टूलनं ते टोक कापून टाका. शेवटचे दोन-तीन दशांश मिलिमीटर बोअरिंग बारनं किंवा रीमरनं घ्या. तापलेला थर बराचसा त्यातच निघून जातो.

भाजणं आणि गार करणं

कितीही काळजी घेतली तरी थोडा ताण राहतोच. तो काढायचा म्हणजे माल ऐंशी अंशांपर्यंत न्यायचा, तिथे ठेवायचा आणि हळू गार करायचा. ऐंशीला ॲक्रिलिकचा आकार टिकतो, पण आतला ताण सैल होतो. नव्वदच्या पुढे गेलात तर बोअर अंडाकृती होण्याचा धोका.

मी जुना ओटीजी घेतला, स्वयंपाकघरातून कायमचा हद्दपार केलेला. त्याच्या बटणावरच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. आत वेगळा डिजिटल थर्मामीटर लोंबकळत ठेवा आणि तळाला दोन विटा ठेवा. विटा तापल्या की तापमान सारखं वर-खाली होत नाही. भाग लोखंडी जाळीवर आडवे ठेवू नका. लाकडी फळीवर उभे करा, एकमेकांना न टेकता.

मी हे कच्चं ड्रिल आणि बाहेरची ओबडधोबड गोलाई झाल्यावर, आटे पाडायच्या आधी करतो, कारण भाजताना माप थोडं हलू शकतं. सोळा मिलिमीटर जाडीला चार तास. खरी परीक्षा त्यानंतर. चार तासांनी ओव्हन बंद करून दार उघडलंत तर सगळी मेहनत पाण्यात गेली, नवा ताण बसला. तासाला दहा-बारा अंशांपेक्षा जास्त वेगानं उतरू द्यायचं नाही. मी दर तासाला बटण थोडं खाली घेतो; पन्नासच्या खाली आलं की बंद करून रात्रभर दार लावून ठेवतो. तासगावकडे बेदाणा शेडमध्ये सावलीत वाळवतात, त्याला कुणी उन्हात टाकून लवकर उरकत नाही. इथेही तेवढाच धीर लागतो. संध्याकाळी लावलं तर सकाळी चहाच्या आधी भाग हातात येतात.

पारदर्शक पेन असेल तर ताण डोळ्यानं बघताही येतो. लॅपटॉपचा पडदा पूर्ण पांढरा करा, डोळ्यावर पोलराइज्ड गॉगल धरा आणि पडदा काळा दिसेपर्यंत तो फिरवा. आता मध्ये ब्लँक धरा. काळ्या पार्श्वभूमीवर जिथे पांढुरका उजेड पडतो तिथे ताण आहे. जाड रॉडमध्ये कधी रंगही दिसतात. भाजण्याआधी आणि नंतर एकदा बघा, मग हे काम टाळावंसं वाटणार नाही.

आटे आणि तोंडाची भिंत

सरांच्या टोपणाची उभी चीर इथली होती. मी १३ मिलिमीटरचे, ०.८ पिचचे (दोन आट्यांतलं अंतर ०.८ मिलिमीटर) तीन तोंडी आटे पाडतो. तीन तोंडी म्हणजे एका फेऱ्यात टोपण २.४ मिलिमीटर सरकतं, दीड फेऱ्याच्या आत उघडतं. लिहिणाऱ्याला ते फार बरं वाटतं. पण टोपण नाजूक दिसावं म्हणून मी तोंडाशी बाहेरचा व्यास १४.४ पर्यंत उतरवला होता. म्हणजे आट्यांच्या खोलीत भिंत उरली ०.७ मिलिमीटर. त्यात आटे घट्ट, आणि बॅरलचा खांदा टोपणाच्या तोंडावर टेकायच्या आधी आतली पायरी टेकत होती. सर रोज टोपण लावताना थोडं पिळायचे, तसं सगळेच पिळतात, आणि प्रत्येक वेळी आतून पाचर बसायची.

आता मी तोंडाशी दीड मिलिमीटरच्या खाली जात नाही. नाजूकपणा हवाच असेल तर १२ मिलिमीटरचे आटे घ्या किंवा तोंडाला बाहेरून धातूची कडी बसवा. टॅपच्या (आतले आटे पाडायच्या हत्याराच्या) आधीचं भोक १३ च्या आट्यांना १२.२ ठेवा, आटे किंचित सैल असू द्या. टोपण खांद्यावर टेकून थांबलं पाहिजे, आट्यांत आवळून नाही. तपासायला बॅरलच्या आट्यांना पेन्सिलची शिसं फासा, टोपण लावा, काढा. शिसं फक्त एका बाजूला सारखी घासलेली दिसली तर ठीक. आतल्या कोपऱ्यात, शेवटच्या आट्याशी घासली असेल तर तिथे पाचर आहे. टॅप हातानं फिरवा, साबणाच्या पाण्यात, अर्धा फेरा पुढे, पाव मागे. आट्यांच्या शेवटी खाच लागतेच, तिचा कोपरा काटकोनी नको. टूलचं नाक तेलदगडावर थोडं गोल करून घ्या.

पुसणं आणि पॉलिश

फळीवरून थिनरची बाटली उचला आणि दुसऱ्या खोलीत ठेवा. धुवायला साबणाचं कोमट पाणी आणि जुनं सुती कापड. खुणेला मार्करऐवजी पेन्सिल. पॉलिश पेपर पाण्यातच घासा, ४०० पासून २००० पर्यंत, एकही पायरी न गाळता. बफ लावताना पेन एका जागी दोन सेकंदांपेक्षा जास्त धरू नका. गालाला लावून बघा, कोमट लागलं की थांबा. बफनंही तोच ताण बाहेरून बसतो.

पेनाबरोबर मी आता मराठीत एक चिठ्ठी देतो: सॅनिटायझर, स्पिरिट, अत्तर, स्क्रीन क्लीनर लावू नका, उन्हात गाडीत ठेवू नका, शाई बदलताना साध्या पाण्यानं धुवा. साध्या पाण्याच्या शाईनं ॲक्रिलिकला काही होत नाही, हे गिऱ्हाईक हमखास विचारतात म्हणून तेही लिहिलंय.

किटवाल्या, म्हणजे ब्लँकच्या आत पितळी नळी चिकटवलेल्या पेनांबद्दल थोडक्यात. तिथे ॲक्रिलिक नळीपेक्षा तिपटीहून जास्त आकसतं. मे महिन्यात सांगलीत चिकटवलेलं पेन डिसेंबरात महाबळेश्वरला गेलं की ब्लँक नळीला आवळतो आणि टोकाशी उभी चीर देतो. भोक नळीपेक्षा थोडं सैल ठेवा आणि फेविक्विकऐवजी लवचीक राहणारं इपॉक्सी वापरा.

चिरलेल्या पेनाचं काय करायचं

चीर बुजवता येत नाही. फेविक्विक आत ओढलं जातं, रेघ महिनाभर दिसेनाशी होते आणि मग शेजारी दुसरी येते. क्लोरोफॉर्मनं जोडणारेही भेटतील. ते ताणलेल्या जागेवर द्रावक लावणंच झालं. टोपण नवीन करून द्या, त्याला दुसरा उपाय नाही.

सरांना मी दुसरं टोपण करून दिलं, त्याच लॉटच्या ब्लँकमधून, भाजून, दीड मिलिमीटरची भिंत ठेवून. वर्ष होत आलं. परवा त्यांनी पेन दाखवायला आणलं तेव्हा टॉर्च लावून बघितलं, आत स्वच्छ आहे. मिरजेच्या सतारवाल्याला मात्र मी ॲक्रिलिक दिलंच नाही. त्याची बोटं दिवसभर स्पिरिटात असतात आणि ती तशीच राहणार. त्याला एबोनाइटचं, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचं, पेन करून दिलं, कापताना घरभर गंधकाचा वास सुटला. उन्हात ठेवलं तर काळा रंग तपकिरी होईल एवढं सांगितलंय. त्यानं ते दुकानाच्या आतल्या कोनाड्यात, लाखेच्या डब्याशेजारी ठेवलंय.